ताटामागे किती?

गोराई दोन आहेत. एक खाडीच्या अलीकडची आणि एक पलीकडची. अलीकडची म्हणजे बोरिवली पश्चिमेची म्हाडा वसाहत: बेस्टचं आगार, सेक्टर, प्लॉट नंबर आणि "गोराई एक की दोन?" असं दर वेळी विचारणारा रिक्षावाला. पलीकडची म्हणजे मूळ गाव: चर्च, माडांच्या वाड्या, समुद्र आणि समारंभासाठी भाड्याने मिळणारे बंगले. जेट्टीवरून होडीत बसलं की काही मिनिटांत माणूस एका गोराईतून दुसऱ्या गोराईत पोचतो. डेकोरेटरचा टेम्पो मात्र होडीत चढत नाही. तो दहिसर चेकनाका, मिरा रोड, भाईंदर पश्चिम, मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन अशी यात्रा करून पलीकडे जातो. या यात्रेचं पुण्य डेकोरेटरला लागतं आणि खर्च मुलीच्या बापाला.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा "हॉल कशाला? पलीकडे बीचवर करू, हॉलचं भाडं वाचेल," ही कल्पना तिचीच. लग्नाच्या खर्चात ज्या वाक्यात "वाचेल" येतं ते वाक्य सगळ्यांत महाग पडतं, पण तेव्हा कोण बोलणार? भाऊजी आणि मी होडीत बसून बंगला बघायला गेलो. बंगल्याचं भाडं हॉलपेक्षा खरोखरच कमी होतं. भाऊजींचा चेहरा उजळला. मग तिथला माणूस एकेक सांगायला लागला. खुर्च्या तुमच्या, टेबलं तुमची, जनरेटर तुमचा, डिझेल तुमचं, पाण्याचा टँकर तुमचा, दुसऱ्या दिवशीची साफसफाई तुमची.

"मग तुमचं काय?" भाऊजींनी विचारलं.

"समुद्र," तो म्हणाला.

परतीच्या होडीत भाऊजी गप्प होते. समोर पॅगोडाचा सोनेरी घुमट चमकत होता. विपश्यनेचा हा घुमट २००९ साली खुला झाला, आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एका वेळी बसू शकतात. भाऊजी बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. "आठ हजार माणसं," ते म्हणाले, "आणि सगळी गप्प. डीजे नाही, पनीर नाही, रुसलेली आत्या नाही." विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत, सगळा कारभार देणगीवर चालतो, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. मुलीच्या बापाला अशा वेळी वैराग्य लवकर येतं.

पूर्वी लग्नात मामाला काम एकच असायचं. भटजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" म्हटलं की मुलीला घेऊन यायचं आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं. मी बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे माझ्या हातात हिशेबाची वही आली. भाचीने तीच वही कॉम्प्युटरवर चढवली, प्रत्येक रकान्याला वेगळा रंग दिला आणि शेवटच्या रकान्याला नाव दिलं "बचत". तो रकाना अखेरपर्यंत पांढराच राहिला.

खरं तर आमच्या वसाहतीत हॉलची गरजच पडत नव्हती ते दिवस काही फार जुने नाहीत. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि चारकोप-गोराईला म्हाडाने आखलेले छोटे छोटे प्लॉट लोकांना मिळाले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभं करायचं. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मधोमध चौक. तो चौक हेच आमचं मंगल कार्यालय. मांडववाला बांबू आणि कापड घेऊन यायचा, समोरच्या घरात वऱ्हाड उतरायचं, शेजारच्या घराच्या मागे चुली पेटायच्या, मेहंदी वरच्या आळीतली ताई काढायची आणि तिला पैसे विचारले तर ती रागवायची. वॉशिंग्टनच्या साहेबांनी कर्जाची कागदपत्रं करताना या चौकांत किती मुली उजवल्या जातील हा फायदा धरला होता की नाही कोण जाणे. धरला नसेल तर त्यांचं कोष्टक चुकलं.

मग घरांवर मजले चढले आणि चौकात गाड्या लागल्या. आता तिथे मांडव घालायचा तर आधी दुचाक्या हलवाव्या लागतात, मग चारचाक्या आणि मग सेक्रेटरी. दुचाक्या आणि चारचाक्या हलतात.

तर बंगला बारगळला, चौक गेला, उरला हॉल. हॉलचं भाडं ठरवताना पत्रिका जुळण्यापेक्षा तारीख जुळणं अवघड. आमच्या भटजींना पंचांग उघडून बघावं लागतं, हॉलच्या मॅनेजरला ते पाठ असतं. तुळशीचं लग्न लागलं की त्याचे दर उठून बसतात ते थेट पुढच्या आषाढापर्यंत. चातुर्मासात हाच मॅनेजर एसीसह हॉल जवळजवळ हात जोडून द्यायला तयार असतो, पण तेव्हा देव झोपलेले असतात. भाऊजींनी भटजींना गाठलं. "गुरुजी, एखादा काढीव मुहूर्त? गुरुवारचा वगैरे? गुरुवारी हॉल स्वस्त आहे." गुरुजी समंजस. म्हणाले, "काढू की. पण गुरुवारी माणसं येणार नाहीत हो."

"मग चांगलंच की!" भाऊजी म्हणाले.

ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, भाऊजींकडे असं पाहिलं की गुरुजींनी पंचांग मिटून पिशवीत टाकलं. तरीही गुरुवारच ठरला, कारण तोवर त्या गुरुवारसाठी मेकअपवालीने आगाऊ रक्कम घेऊन टाकली होती. मुहूर्त गुरुजी काढतात असं आपण म्हणतो. तो मेकअपवालीच्या डायरीत निघतो.

कोणताही समारंभ असो, फुलं तीच असतात, खुर्च्या त्याच, माणसं तीच. पण बारशाला एक दर, साठीला दुसरा आणि लग्नाला तिसरा. भाऊजींनी एका डेकोरेटरला फोनवर "आमची साठी आहे" असं सांगून दर काढला. दर उत्तम निघाला. मग सजावटीचं बोलताना ताईने मागून ओरडून विचारलं, "मेहंदीला झोपाळा मिळेल का?" डेकोरेटर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, साठीला मेहंदीचा झोपाळा लागतो का हो?" त्यानंतर त्याने दिलेला दर हा निव्वळ दर नव्हता, त्यात दंडही होता. वर "पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा." भाऊजी आयुष्यभर सरकारी खात्यात. बिलाशिवाय पैसे द्यायला हात धजेना आणि बिल घ्यायला खिसा.

पत्रिका गिरगावात खाडिलकर रोडवर छापून घ्यायच्या असा आमच्या घरचा रिवाज. आता सगळं मोबाइलवर जातं, म्हणून छपाईचा खर्च वाचणार होता. पण देवासमोर ठेवायला एक तरी छापील पत्रिका हवी आणि दुकानदार एक छापत नाही, शंभर छापतो. मग उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय करायचं? वाटायच्या. ज्यांना मोबाइलवरून कळवून भागलं असतं त्यांच्या घरी छापील पत्रिका घेऊन जायचं, आणि घरी जाऊन पत्रिका दिलेला माणूस सहकुटुंब येतो. या नव्व्याण्णव पत्रिकांनी ताटामागचा हिशेब किती फुगवला ते मी वहीत लिहिलं नाही.

प्री-वेडिंगचं शूटिंग पलीकडच्या गोराईत ठरलं, कारण "बीच फुकट आहे मामा." फोटोवाल्याच्या पॅकेजमध्ये कपड्यांचे दोन बदल, एक ड्रोन आणि एक रंगीत धूर होता. धूर वाढवला तर पैसे वाढतात. फोटोवाला आला तो सहा माणसं घेऊन. सगळ्यांचं होडीचं तिकीट आमच्याकडे, नाश्ता आमच्याकडे. भाचीने भाड्याचा गाऊन घातला होता, लाल, मागे लांबलचक शेपटा असलेला. तो शेपटा होडीत मासळीच्या रिकाम्या टोपल्यांना लागू नये म्हणून मी आणि भाऊजी दोन टोकं धरून उभे होतो. शेजारी बसलेल्या कोळीणमावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय गो, लगीन होडीवरच लावतेस काय?" भाची हसली, फोटोवाल्याने पटकन क्लिक केलं आणि तेवढा एकच फोटो सगळ्यांना आवडला. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. समुद्र बराच आत गेला होता आणि गाऊन चिखलात. गाऊनवालीने अनामत परत केली नाही. बीच फुकटच होता.

परतताना होडीवाल्याशी गप्पा झाल्या. मी त्याला विचारलं, तुमच्या गावात लग्नाला बजेट किती धरतात? तो म्हणाला, "लग्नाला धरत नाहीत. हळदीला धरतात. त्यातून उरलं की लग्न लागतं." खाडीपलीकडच्या कोळ्यांची हळद असो की ईस्ट इंडियन घरातलं उंबराचं पाणी, बँड वाजवत सगळा गाव निघतो, पण बायका मिळून फुगे तळतात, पुरुष मांडव घालतात, आणि जेवणाला गाव असला तरी कामालाही गावच असतो. आमच्याकडे गाव फक्त जेवायला उरलाय. कामाला व्हेंडर आहेत. आपण ज्याला व्हेंडरचं बिल म्हणतो त्यातली निम्मी रक्कम तरी पूर्वी शेजारणींच्या नावावर जमा असायची आणि ती कुणी मागत नसे, असं माझं जमाखर्चाचं ज्ञान सांगतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जेवण.

बाजूच्या सोसायटीतल्या काकूंच्या मुलाचं लग्न मागच्याच मोसमात झालेलं. ताईने त्यांना विचारलं, "ताटामागे किती पडलं?" काकू म्हणाल्या, "साडेपाचशे. दोन गोड, लाइव्ह काउंटर आणि पान धरून." झालं. त्या दिवसापासून साडेपाचशे आमच्या मानगुटीवर बसला. जिथे जावं तिथे आठशे, साडेआठशे, एकाने तर "सर, मेनू सांगा, मग आकडा सांगतो" म्हणत साडेअकराशेपर्यंत नेलं. भाऊजी प्रत्येकाला काकूंचा दाखला द्यायचे. एक केटरर शांत होता. म्हणाला, "साडेपाचशेत देतो की. पण मग पनीर भाजीत दिसेल, लागणार नाही." शेवटी आम्ही काकूंच्याच केटररकडे गेलो. त्याने वही उघडून ते लग्न शोधलं, आमच्याकडे बघितलं, पुन्हा वहीत बघितलं आणि "त्यांचं जरा वेगळं होतं" एवढंच म्हणाला. व्यवसायाची सभ्यता असते.

भाऊजींनी मग आचारी लावायचा विषय काढला. आचारी लावायचा, किराणा आपण भरायचा, भांडी भाड्याने आणायची. त्यांच्या स्वतःच्या लग्नात तसंच झालं होतं. मलाही ते आठवतं. आचारी सामानाची यादी द्यायचा आणि त्या यादीत तूप नेहमी अक्षर मोठं करून लिहिलेलं असायचं. कोठीच्या खोलीवर थोरल्या आत्या बसायच्या, कमरेला किल्ली. आचाऱ्याचा पोऱ्या वाटी घेऊन साखर मागायला आला की आत्या विचारायच्या, "मघाशी नेलेलीचं काय केलंस?" दोन दिवस आत्यांनी मांडव पाहिला नाही, मंगलाष्टकं दारातूनच ऐकली आणि अक्षता तिथूनच फेकल्या. तुपाचा एक अख्खा डबा त्यांनी वाचवला. लग्न झाल्यावर आत्यांचे श्रम म्हणून त्यांना साडी घेतली ती त्या डब्याच्या किमतीला भारी पडली, आणि रंगही त्यांना आवडला नाही.

केटररशी अखेर सातशे साठवर ठरलं, किमान चारशे ताटांची हमी देऊन. चारशेच्या खाली माणसं आली तरी पैसे चारशेंचे.

इथे मी बँकवाल्याच्या बुद्धीने एक गणित मांडलं. फुलवाल्याशी भाऊजींनी एक अख्खी संध्याकाळ घासाघीस केली होती. झेंडू किलोमागे किती, शेवंती किती, दादरच्या फूलबाजारात पहाटे स्वतः जाऊन आणली तर किती. दोन हजार रुपये सुटले. भाऊजी विजयी मुद्रेने घरी आले. त्याच संध्याकाळी ताईने यादीत तीन नावं घातली होती. तीन गुणिले सातशे साठ, दोन हजार दोनशे ऐंशी. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "फुलवाला, फोटोवाला, बेंजोवाला, सगळ्यांशी महिनाभर भांडून जे वाचेल ते यादीतली वीस नावं खोडून एका मिनिटात वाचतं."

"कुठली वीस?" ताई म्हणाली.

यादीपुढे सगळं अर्थशास्त्र हात टेकतं. घाटावर लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याच्या याद्या होतात आणि "यादी पे शादी" म्हणत कधी कधी तिथेच लग्न लावून मोकळे होतात. आमच्या मुंबईत शादीआधी माणसांची यादी होते आणि ती कधीच पुरी होत नाही. ताईकडे आहेराच्या जुन्या वह्या आहेत. तिच्या स्वतःच्या लग्नापासूनच्या. कुणी काय दिलं, कुणी पाकिटात एकशे एक घालून चारजण जेवून गेले, कुणी स्टीलचा डबा दिला ज्याचं झाकण बसत नव्हतं, सगळं नोंदलेलं. १९८५ च्या हुंडा प्रतिबंधक नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवायला सांगितलंय. सरकारने ताईला भेटायला हवं होतं. त्या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे एक जुनं देणं. मी एका नावावर पेन्सिल ठेवली, तर ताई म्हणाली, "त्यांनी तुझ्या मुंजीला चांदीची वाटी दिली होती." वाटी कुठे आहे मला ठाऊक नाही, पण तिचं व्याज सातशे साठ रुपये ताटामागे अजून चालू आहे. पलीकडच्या गोराईतलं चर्च ज्या तीन राजांच्या नावाने आहे त्यांनी बाळ येशूला सोनं, धूप आणि गंधरस आणला होता. तीन पाहुणे, तीन आहेर, एकही लेमन सेट नाही आणि जेवायला थांबल्याचा उल्लेख नाही. अशी माणसं आमच्या यादीत नव्हती.

माणसं कमी करणं जमत नाही असं मात्र नाही. महाराष्ट्राने ते करून दाखवलंय. २२ एप्रिल २०२१ पासून करोनाच्या निर्बंधांत लग्न म्हणजे एका हॉलमध्ये दोन तास आणि पंचवीस माणसं, मोडलं तर पन्नास हजार दंड. तेव्हाही लग्नं लागली, मुलं झाली, नांदताहेत. साठ-सत्तरच्या दशकांत धान्याच्या टंचाईत पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी बंधनं होती, तेव्हाही लागली. आणि टंचाई वा साथ नसतानाही ज्यांनी केलं ते आहेतच. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी २५ डिसेंबर १८७३ ला पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, भटजींशिवाय आणि बडेजावाशिवाय. पु. ल. आणि सुनीताबाईंचं १९४६ सालचं रत्नागिरीचं नोंदणी लग्न फॉर्मच्या आठ आण्यांत झालं आणि ते आठ आणेही सुनीताबाईंनीच घातले होते. मराठी माणूस हा किस्सा पाठ म्हणून सांगतो. बहुतेक वेळा बुफेच्या रांगेत उभा राहून.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हिंदू विवाह म्हणजे नाचगाणी आणि खाण्यापिण्याचा सोहळा नव्हे, विधी महत्त्वाचे, असं म्हटलं. भाऊजींनी ती बातमी कापून ठेवली होती. एका रात्री जेवताना त्यांनी ती ताईला वाचून दाखवली आणि म्हणाले, "कायद्याला सप्तपदी हवी. सात पावलं. ती फुकट आहेत."

"सात पावलं चालायला कार्पेट लागतं," ताई म्हणाली.

कायद्याचा एकदाच उपयोग झाला. हॉलच्या मॅनेजरने "म्युझिक लायसन्स" म्हणून एक रक्कम मांडली होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभात वाजवलेलं संगीत हे हक्कभंग ठरत नाही, आणि केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ ला तशी जाहीर सूचनाही काढलेली आहे. मी सूचना छापून नेली. मॅनेजरने ती नीट वाचली, डोकं हलवलं, लायसन्सची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "साउंडची वीज, जादा." रक्कम तीच. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद झाला, पण डीजेने पैसे बारापर्यंतचे घेतले, कारण पॅकेजचा आणि घड्याळाचा काही संबंध नसतो.

रुखवत भाड्याने आणलं. हेही मिळतं. बैलगाडी, तुळशीवृंदावन, लाडवांचे रचलेले डोंगर, सगळं तयार, काचेच्या पेटीत. पाहुण्या बायका "कुणी केलं गं एवढं?" विचारत होत्या आणि ताई नम्रपणे "घरीच, सगळ्यांनी मिळून" म्हणत होती. बैलगाडीखाली दुकानाचा स्टिकर होता, तो मी अंगठ्याने झाकून उभा होतो.

गुरुवार असल्यामुळे माणसं कमी येतील हा भाऊजींचा हिशेब. सकाळी अक्षता टाकायला खरोखरच माणसं कमी होती. भाऊजी आनंदात. पण स्वागतसमारंभ संध्याकाळी होता आणि संध्याकाळी सातनंतर बोरिवली स्टेशनवर एकेक लोकल रिकामी होऊ लागली. माणसं घरी जाऊन, चहा घेऊन, पोरांना आवरून आलेली नव्हती. थेट ऑफिसातून आली होती, दुपारचा डबा पचवून, गाडीला लटकून, भुकेली. रविवारचा पाहुणा चाखतो. गुरुवारचा जेवतो.

ताटं मोजायचं काम माझ्याकडे. बुफेत पैसे ताटांवर असतात, माणसांवर नसतात, म्हणून ताटांच्या चवडीपाशी घरचा विश्वासू माणूस उभा करायचा असतो. चवडीच्या एका बाजूला मी, पेन्सिल आणि पुठ्ठा घेऊन. दुसऱ्या बाजूला केटररचा सुपरवायझर, काळं जाकीट, हातात मोबाइल. एक ताट उचललं की मी पुठ्ठ्यावर रेघ मारायचो. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. पहिला तास छान गेला. मग एक छोटा मुलगा आला, त्याने ताट घेतलं, त्यात फक्त दोन गुलाबजाम घेतले, ते खाल्ले आणि ताट टबात टाकून पुन्हा रांगेत आला. नवं ताट, दोन गुलाबजाम. त्याच्या तीन फेऱ्या झाल्या तेव्हा मी त्याला म्हटलं, "बाळा, तेच ताट घेऊन ये ना." त्याची आई जवळच होती. ती त्याला म्हणाली, "ये राजा, आपण दुसरीकडे जाऊ, आजोबा ओरडतात."

मग एक वहिनी. पुरी-भाजी संपवून त्यांनी अर्धं भरलेलं ताट बाजूला ठेवलं आणि मसालेभातासाठी नवं उचललं. मी हळूच म्हटलं, "वहिनी, भात त्याच ताटात..." त्या म्हणाल्या, "अहो, त्याला रस्सा लागलाय." सातशे साठ. एका काकांनी एकात एक अडकलेली दोन ताटं उचलली, सुपरवायझरने दोन मोजली, मी एक. यावर तिथेच छोटीशी सुनावणी झाली. फोटोवाल्याची सहा माणसं जेवली, ड्रोनवाला जेवला, नवरदेवाकडच्या गाड्यांचे चालक जेवले, बेंजोवाले दोन दोनदा जेवले. हॉलच्या मॅनेजरनेही एक ताट घेतलं आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात साउंडच्या विजेची आठवण होती.

अकराला हिशेबाला बसलो. माझ्या पुठ्ठ्यावर चारशे एकतीस. सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये चारशे बहात्तर. एक्केचाळीस ताटांचा फरक, म्हणजे एकतीस हजार एकशे साठ रुपये. त्याने धुवायला गेलेल्या ताटांच्या चवडी आणून दाखवल्या. मी पुठ्ठा दाखवला. त्यावर कुठूनतरी मठ्ठा सांडला होता आणि दोन रांगा पुसट झाल्या होत्या. त्याने मोठ्या मनाने म्हटलं, "साहेब, तुमच्या बँकेत असं चाललं असतं का?" शेवटी चारशे पन्नासवर दोघांनी सही केली. उरलेली जिलेबी त्याने आम्हाला डबे भरून दिली. तिचे पैसे आम्ही आधीच दिलेले होते, तरी त्याचा हात देताना इतका सढळ होता की भाऊजींनी त्याचे आभार मानले.

महिनाभराने गोराई मार्केटात भाजी घेताना भाऊजींना त्यांच्या जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ भेटले. मुलीचं लग्न ठरलेलं, हातात तीच ती केविलवाणी वही. "तुमच्याकडे जेवण छान झालं होतं," ते म्हणाले. "ताटामागे किती पडलं?"

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी भेंडी मोडून पाहिली.

"सहाशे," ते म्हणाले. "गोड धरून."

शेजारच्या गाड्यावर काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "सहाशे? आमच्याकडे तर साडेपाचशे पडलं होतं बाई."

त्या गृहस्थांनी दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि केटररचा नंबर मागितला. भाऊजींनी तोही दिला.